उडीची सायकल आणि फर्दापूरची माती

सायकलवरून उडी मारण्यासाठी आज जगभर मुख्यतः दोन प्रकारच्या सायकली वापरल्या जातात. पहिली वीस इंची चाकांची, शॉकअप नसलेली बीएमएक्स, आणि दुसरी सव्वीस इंची चाकांची, पुढच्या बाजूला बहुधा शॉकअप असलेली डर्ट जंप. दोन्हींना गिअर बहुधा एकच असतो आणि दोन्हींची बैठक इतकी खाली असते की तिच्यावर बसून लांबचे अंतर कापू पाहणाऱ्याचे गुडघे दुखू लागतात, त्यामुळे नवख्याला एक सायकल दुसरीची मोठी आवृत्ती वाटली तर नवल नाही. या दोहोंतली निवड करताना सामान्यतः चालवणाऱ्याचे वय, उंची आणि खिसा यांचा विचार होतो; परंतु त्याआधी विचारात घ्यावी लागते ती जमीन, कारण या दोन्ही सायकली वेगवेगळ्या जमिनींवर घडल्या आहेत आणि प्रत्येकीच्या चाकाचा व्यास, सांगाड्याचा कोन आणि टायरमधल्या हवेचा दाब यांत तिची मूळ जमीन उतरलेली आहे.

प्रस्तुत प्रकरणात ही जमीन फर्दापूरची धरली आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातले हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी, जळगावकडे उतरणाऱ्या महामार्गावर वसलेले असून जगाला ते लेण्यांचे प्रवेशद्वार म्हणून ठाऊक आहे; गावाजवळच्या टी-पॉइंटवर खासगी वाहने थांबतात आणि तेथून सुमारे चार किलोमीटरवरच्या लेण्यांकडे बसने जावे लागते. वाघूर नदीने कापलेल्या ज्या बेसाल्टच्या कड्यात ती लेणी कोरली गेली, त्याच खडकाची झीज होऊन पायथ्याशी मुरूम आणि त्याहून खोल झीज होऊन काळी माती तयार झाली आहे. या गावात उडीच्या सायकलींसाठी बांधलेले मैदान नाही आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांची स्थिती याहून वेगळी नाही. म्हणूनच सायकल विकत घेण्याचा प्रश्न येथे मैदान बांधण्याच्या प्रश्नापासून सुटा करता येत नाही.

बीएमएक्स या नावातील पहिली दोन अक्षरे बायसिकल मोटोक्रॉस या शब्दांची असून मातीच्या चढउतारांवर मोटारसायकलींच्या ज्या शर्यती होतात त्यांना मोटोक्रॉस म्हणतात. १९६३ साली श्विन या अमेरिकी कंपनीने स्टिंग-रे नावाची वीस इंची चाकांची आणि उंच हँडलची मुलांची सायकल बाजारात आणली, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांनी मोठ्यांच्या मोटारसायकल शर्यतींची नक्कल याच सायकलींवर रिकाम्या भूखंडांत सुरू केली. १९७० मध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या किशोरवयीन मुलाने अशा शर्यती रीतसर भरवायला प्रारंभ केला; १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या मोटारसायकलींवरील माहितीपटाच्या आरंभीच ही सायकलवरची मुले दिसतात आणि त्या चित्रणाने ही लाट अमेरिकाभर पोचवली. पुढे १९८२ च्या ‘ई.टी.’ या चित्रपटातल्या पाठलागाने ती अमेरिकेबाहेरही पोचली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सची शर्यत आली, तर टोकियोच्या, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेल्या, ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल हा कसरतींचा प्रकार दाखल झाला. शर्यतीच्या पट्ट्यावर आठ मीटर उंचीच्या उतारावरून आठ स्पर्धक एकाच वेळी सुटतात, फ्रीस्टाइलमध्ये लाकडी वा काँक्रीटच्या गुळगुळीत वळणदार भिंती असतात. दोन्हीकडे पृष्ठभाग माणसाने तासून, दाबून, झाडून तयार केलेला असतो, आणि लहान चाक त्याच भरवशावर टिकून आहे.

डर्ट जंप सायकलीचा जन्म मात्र उलट दिशेने झाला. बीएमएक्सवाले जंगलातल्या मातीचे उंचवटे रचून त्यांवरून उडत होतेच. १९९० नंतरच्या काळात डोंगरी सायकल म्हणजे माउंटन बाइक चालवणाऱ्यांनी त्याच उंचवट्यांवर आपली सायकल नेली, आणि डोंगरउतारासाठी केलेला तिचा लांब सांगाडा हवेत वळवणे कठीण जाते हे लक्षात आल्यावर तो आखूड केला, गिअर काढून टाकले, बैठक खाली नेली, पुढचा ब्रेक बहुधा वगळला आणि शॉकअप आखूड व कडक ठेवला. कॅनडातल्या व्हिसलर येथे २००४ पासून भरणाऱ्या क्रँकवर्क्स महोत्सवातल्या स्लोपस्टाइल, म्हणजे उतारावर रचलेल्या उंचवट्यांवरून कसरती करण्याच्या, स्पर्धांमुळे या जातीला प्रतिष्ठा मिळाली. डर्ट जंप हे मुळात सायकलीचे नसून मैदानाचे नाव आहे आणि त्या मैदानावर बीएमएक्सही तितक्याच हक्काने चालते, ही गोष्ट विसरल्यामुळे खरेदीच्या वेळी पुष्कळ गोंधळ होतो.

मराठी प्रेक्षकाला सायकलची कसरत नवी नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये उभ्या केलेल्या ग्रेट इंडियन सर्कशीनंतर सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यातून सर्कशींची जी परंपरा वाढली, तिच्या वारसदार तंबूंत सायकलचे खेळ हे हमखास टाळ्या घेणारे अंग राहिले, आणि गावोगावच्या चौकात कर्ण्यावर गाणी लावून दिवसेंदिवस सायकलवरून न उतरणारा कसरतपटू कालपरवापर्यंत पाहायला मिळत असे. या खेळांचा पाया मात्र तोल हा होता, उडी नव्हे. सर्कशीची सायकल फिक्स्ड चाकाची असते, म्हणजे चाक फिरले की पायडल फिरतेच, आणि म्हणून ती उलटीही चालवता येते. बीएमएक्सवर हेच काम फ्रीकोस्टर नावाचे मागचे हब करते, ज्यामुळे सायकल मागे सरकत असताना पायडल स्थिर राहते. म्हणजे तोलाच्या विद्येत फर्दापूरच्या जत्रेकरूला परके वाटावे असे फारसे काही नाही. परके आहे ते जमिनीवर परत येण्याचे शास्त्र.

ते शास्त्र समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. समजा, स्वार ताशी अठरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर या आडव्या वेगाने उडाला आणि हवेतल्या सर्वांत उंच बिंदूपासून चाके टेकण्याच्या जागेपर्यंत तो एक मीटर खाली आला. गुरुत्वाकर्षणामुळे टेकताना त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. जमीन सपाट असेल तर हा संपूर्ण वेग मनगटे, कोपर, गुडघे आणि कंबर यांना जिरवावा लागतो. तीच जमीन पुढे तीस अंशांनी उतरती असेल तर स्वाराची वाट, जी त्या क्षणी क्षितिजाखाली सुमारे एकेचाळीस अंशांनी झुकलेली असते, उताराशी फक्त अकरा-साडेअकरा अंशांचा कोन करते. उताराला लंब असलेला वेगाचा भाग सेकंदाला १.३ मीटर एवढाच उरतो, आणि तो नऊ सेंटिमीटर उंचीवरून उभे पडण्याइतका असतो. एक मीटरची उडी अशा रीतीने नऊ सेंटिमीटरची होते. हे काम मातीच्या उताराने केले, आणि त्यासाठी सायकलीला काहीही खर्च करावा लागला नाही.

या गणिताचा निवडीशी थेट संबंध आहे. डर्ट जंप सायकलीच्या पुढच्या शॉकअपची हालचाल, जिला ट्रॅव्हल म्हणतात, सामान्यतः ऐंशी ते एकशे वीस मिलिमीटर असते. सपाट जमिनीवर एक मीटरवरून आपटणाऱ्या देहाला दहा सेंटिमीटरची ही गादी थोडा दिलासा देते, पण ती फक्त पुढच्या चाकाला असते. मागचे चाक आणि त्यावरचे पाय यांचा धक्का तसाच राहतो. उताराचे मोजमाप नीट नसल्यास कोणतीही सायकल वाचवू शकत नाही आणि ते नीट असल्यास शॉकअप नसलेली बीएमएक्सही सुखाने उतरते. ज्या उत्साही मुलांनी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगाला फळी टेकवून पलीकडे सपाट जमिनीवर उड्या मारायला सुरुवात केली आहे, त्यांना सायकल बदलण्याचा सल्ला देण्यापेक्षा हाती फावडे देणे अधिक उपयोगाचे ठरेल. शॉकअप काही प्रमाणात घातकही ठरतो: उडीच्या उंचवट्याचा वळणदार चढ चाकाला वर फेकतो तेव्हा मऊ शॉकअप त्यातली काही ऊर्जा स्वतःच गिळतो आणि उडी आखूड पडते, म्हणून अनुभवी स्वार त्यात हवेचा दाब इतका ठेवतात की हाताने दाबून तो जेमतेम हलावा.

चाकाच्या व्यासाचा परिणाम याहून खोल आहे. कोणत्याही फिरत्या वस्तूची फिरण्याची दिशा वा वेग बदलण्याला होणारा विरोध म्हणजे जडत्व आघूर्ण, आणि चाकाच्या बाबतीत ते कडेच्या वस्तुमानाच्या व त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टायर जेथे रिमवर बसते तेथला व्यास बीएमएक्समध्ये ४०६ आणि डर्ट जंपमध्ये ५५९ मिलिमीटर असतो. तेवढ्याच जाडीचा रिम व टायर धरला तर मोठ्या चाकाचे वस्तुमानही परिघाबरोबर वाढते आणि त्याचे जडत्व आघूर्ण लहान चाकाच्या सुमारे अडीचपट होते. हवेत हँडल पूर्ण फिरवणे, सायकल अंगाखालून आडवी झटकणे या कसरती बीएमएक्सवर सहज आणि डर्ट जंपवर कष्टाने का होतात, याचे हे एक मोठे कारण आहे. उलट तेच जडत्व मोठ्या चाकाला वाऱ्यात आणि खडबडीत उतारावर स्थिर ठेवते. सांगाड्याची मापेही हीच गोष्ट सांगतात. मागच्या चाकाच्या आसापासून पायडलच्या आसापर्यंतचे अंतर बीएमएक्समध्ये साधारण ३३० ते ३४० मिलिमीटर, तर डर्ट जंपमध्ये ३८० ते ३९० असते, आणि पुढच्या फोर्कच्या दिशेचा जमिनीशी होणारा कोन पहिल्यात पंचाहत्तर अंशांच्या आसपास उभा, तर दुसऱ्यात अडुसष्ट-एकोणसत्तर अंश इतका कललेला असतो. उभा कोन हँडलला तत्काळ प्रतिसाद देतो. कललेला कोन चुकीला क्षणभर सवलत देतो.

फर्दापूरच्या वाटांवर मात्र सर्वाधिक महत्त्वाचा प्रश्न दगडाचा आहे. पाच सेंटिमीटर उंचीचा धोंडा वाटेत आला तर चाक त्याच्या कडेला ज्या बिंदूवर टेकते तेथून चाकाला जो चढ चढावा लागतो, त्याचा कोन टायर धरून वीस इंची चाकासाठी सुमारे छत्तीस अंश आणि सव्वीस इंची चाकासाठी सुमारे बत्तीस अंश येतो. चार अंशांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण चाकाला वर चढवण्यासाठी लागणारा आडवा रेटा लहान चाकात जवळजवळ एक-पंचमांशाने अधिक होतो आणि बीएमएक्सचा स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची शक्यता त्या मानाने वाढते. घरापासून शेताच्या बांधापर्यंतची वाट, जिच्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि उघडे पडलेले बेसाल्टचे गोटे असतात, ती बीएमएक्ससाठी घडलेलीच नाही. अंतर कापण्याच्या बाबतीत मात्र दोघी समान आहेत, कारण पुढे पंचवीस आणि मागे नऊ दात असलेली बीएमएक्स काय किंवा पुढे पंचवीस आणि मागे बारा दात असलेली डर्ट जंप काय, पायडलच्या एका फेऱ्यात दोन्ही सुमारे साडेचार मीटर पुढे जातात. त्यामुळे मोठे चाक म्हणजे अधिक वेग हा समज येथे लागू पडत नाही.

आता मातीकडे वळले पाहिजे, कारण निवडीचा खरा निकाल तेथे लागतो. उडीचा उंचवटा रचायला जी माती लागते तिच्यात तीन गुण हवेत: ओली असताना ती दाबून घट्ट बसावी, वाळल्यावर भेगाळू नये आणि चाकाखाली सुटू नये. अजिंठ्याच्या पायथ्याची काळी माती पहिल्या अटीत उत्तम उतरते आणि दुसरीत सपशेल नापास होते, कारण तिच्यातील स्मेक्टाइट गटातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. मुरूम हा अर्धवट झिजलेला बेसाल्ट असून तो भेगाळत नाही, पण एकटा असला तर चाकाखाली खडीसारखा निसटतो आणि वळणावर टायरला पकड देत नाही. व्यवहारात दोहोंची सांगड घालावी लागते: उंचवट्याचा गाभा मुरूम आणि दगडगोट्यांचा धुमसून भरायचा, त्यावर काळ्या मातीत बारीक मुरूम मिसळून केलेल्या गाऱ्याचा चार-पाच बोटे जाडीचा थर चढवायचा आणि अर्धवट वाळत असतानाच फावड्याच्या पाठीने थापटून गुळगुळीत करायचा. मराठवाड्यात धाब्याची घरे लिंपणाऱ्या पिढीला कोणती माती गळत नाही आणि कोणती फुटते हे हाताने कळत असे, आणि उडीचे मैदान बांधणाऱ्या मुलांनी परदेशी चित्रफितींपेक्षा गावातल्या अशा एखाद्या म्हाताऱ्याला आधी गाठावे. मात्र जुन्या गढीची किंवा पांढरीच्या टेकाडाची माती उकरून आणू नये; त्या मातीत गावाचा इतिहास पुरलेला असतो.

ऋतूंचा हिशेबही ठेवावा लागतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि फोर्क यांच्यामधल्या जागेत असा ठासून बसतो की चाक फिरणेच थांबते. भाद्रपद-आश्विनात माती अंगची ओल धरून असते, म्हणून बांधकामाला तोच काळ योग्य, आणि मका निघाल्यानंतर शेताच्या कडेला जागाही मोकळी होते. तेथून संक्रांतीपर्यंतचा काळ उड्यांचा. माघानंतर पृष्ठभाग भुकटी होऊ लागतो आणि तो टिकवायला रोज संध्याकाळी पाणी शिंपडावे लागते, ताडपत्री घालावी लागते. ज्या भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वानवा असते तेथे मातीच्या ढिगांना पाणी पाजण्याचे समर्थन करणे कठीण आहे. तेव्हा तीन-चार महिने सायकल टांगून ठेवणे हाच शहाणपणा. जागेच्या निवडीत कायदाही आड येतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे, डोंगराचा मोठा भाग वनखात्याकडे आहे, आणि मुरूम हे गौण खनिज असल्यामुळे तो बाहेरून काढून आणायचा तर महसूल खात्याची परवानगी लागते. राहतो तो स्वतःच्या शेतातला पडीक तुकडा किंवा ग्रामपंचायतीच्या संमतीने मिळणारा कोपरा. अशा कोपऱ्यात आरंभ पंप ट्रॅकने करावा. पंप ट्रॅक म्हणजे सलग लाटांसारखे उंचवटे आणि कलती वळणे असलेला बंद फेरा, ज्यावर पायडल न मारता केवळ हातापायांच्या दाबाने वेग घेतला जातो. त्यानंतर टेबलटॉप, म्हणजे उडण्याचा चढ आणि टेकण्याचा उतार यांमधली जागा मातीने भरलेला उंचवटा, रचावा. त्यात उडी आखूड पडली तरी स्वार खड्ड्यात न पडता माथ्यावर टेकतो.

बाभळीचे काटे हा स्वतंत्र विषय आहे. वेड्या बाभळीची काटेरी झुडपे या पट्ट्यात रस्त्याच्या कडेने सर्वत्र आहेत आणि त्यांचा काटा पातळ टायर सहज भेदतो. बीएमएक्सचे टायर गुळगुळीत पृष्ठभागावर चौरस इंचाला साठ पौंडांपासून वरच्या दाबावर चालवतात, डर्ट जंपचे त्याहून बरेच कमी; मातीवर दोन्हींत हवा कमी ठेवणे पकडीसाठी हितकर असते, पण काट्यापुढे दाबाचा उपाय चालत नाही आणि जाड टायर किंवा ट्यूबमध्ये ओतायचा सीलंट यांचा आधार घ्यावा लागतो.

पंक्चर निघते, पण टायर कुठे मिळतो, हा त्यापुढचा प्रश्न ग्रामीण भागात निर्णायक ठरतो. टायरच्या आकड्यांत एक फसवणूक दडलेली आहे, जी सायकल दुकानदारालाही कधी कधी ध्यानात नसते. सव्वीस गुणिले १.९५ किंवा २.१० असा दशांशात लिहिलेला टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. सव्वीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश असा अपूर्णांकात लिहिलेला टायर ५९० मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या साध्या सायकलीच्या रिमवर. दोन्हींवर सव्वीसच लिहिलेले असते आणि एक दुसऱ्याच्या जागी कधीच बसत नाही. हाच प्रकार वीस इंचात आहे: दशांशातला टायर ४०६ चा, अपूर्णांकातला ४५१ चा. गेल्या काही दशकांत भारतीय बाजारात जाड टायरांच्या सव्वीस इंची सायकली मोठ्या संख्येने खपल्यामुळे ५५९ चे टायर व ट्यूब तालुक्याच्या गावी सहज मिळतात, आणि मुलांच्या सायकलींमुळे ४०६ चेही. त्यांची प्रत उडीला पुरेशी नसली तरी अडीअडचणीला काम भागते. साखळीच्या बाबतीत बीएमएक्स आश्चर्यकारकरीत्या गावठी आहे, कारण अर्ध्या इंचाच्या कडीची आणि एक-अष्टमांश इंच रुंदीची जी साखळी तिला लागते, तीच दूध घालणाऱ्याच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलीलाही असते. याच्या उलट, जुन्या भारतीय सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस तारा, म्हणजे स्पोक, असतात, बीएमएक्सला बहुधा छत्तीस आणि डर्ट जंपला बत्तीस. म्हणून गावातला रिम हबवर बसेलच असे नाही. बीएमएक्सच्या मागच्या चाकाचा चौदा मिलिमीटर जाडीचा आस आणि नऊ दातांचा चक्का यांना तर गावात पर्यायच नाही, ते मागवूनच घ्यावे लागतात.

डर्ट जंपची खरी अडचण येथेच समोर येते. तिचा मागचा डिस्क ब्रेक बहुधा हायड्रॉलिक असतो, म्हणजे लिव्हर दाबल्यावर नळीतले तेल पॅडला ढकलते. त्यात हवा शिरली तर ती काढण्यासाठी विशिष्ट साधन आणि त्या कंपनीला मानवणारेच तेल लागते, कारण काही ब्रेक खनिज तेलावर आणि काही वेगळ्या ब्रेक फ्लुइडवर चालतात व अदलाबदल झाल्यास आतली रबरी सीले खराब होतात. शॉकअपच्या सीलांना मुरमाची धूळ सोसत नाही आणि त्यांची ठराविक काळाने स्वच्छता न केल्यास नळ्या घासल्या जातात. ही कामे फर्दापूरच्या रस्त्यावरच्या दुकानात होण्याची अपेक्षा रास्त नाही; स्वाराने ती स्वतः शिकावी लागतात किंवा सायकल शहरात न्यावी लागते. केबलने चालणारा डिस्क ब्रेक घेतला तर अर्धी अडचण सुटते, कारण केबल कोणत्याही गावात मिळते. एक गोष्ट दोन्ही सायकलींना सारखीच लागू आहे: ब्रेक असलाच तर बहुधा मागे एकच असतो, आणि ब्रेक लागताच शरीराचा भार पुढच्या चाकाकडे सरकत असल्यामुळे मागचा ब्रेक उतारावर दुबळा ठरतो. ट्रकांची सततची वर्दळ असलेला अजिंठ्याचा घाट यांपैकी कोणत्याही सायकलीवरून उतरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

या सर्व बाजू मांडल्यावर एक मत देणे प्राप्त आहे. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी, ज्यांना शाळेचे फरशीचे आवार किंवा ग्रामपंचायतीचा काँक्रीटचा चौक हाताशी आहे आणि ज्यांचे मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, वरच्या नळीची लांबी उंचीला साजेशी असलेली बीएमएक्स हीच निवड योग्य. तिच्यात बिघडण्याजोगे भाग कमी, आणि शॉकअप नसल्यामुळे गुडघे व कोपर वाकवून धक्का जिरवण्याची सवय आरंभापासून लागते, जी पुढे कोणत्याही सायकलीवर उपयोगी पडते. त्यापुढच्या वयाच्या, विशेषतः उंच स्वारांसाठी, ज्यांना गोट्यांच्या वाटेने मैदानापर्यंत जावे लागते, सव्वीस इंची सांगाडा अधिक सुरक्षित आहे. परंतु फर्दापूरसारख्या ठिकाणी त्या सांगाड्यावर शॉकअपऐवजी साधा पोलादी फोर्क बसवलेली डर्ट जंप, ज्या प्रकाराला रिजिड म्हणतात, अधिक शहाणपणाची आहे. असा फोर्क दुर्मीळ असला तरी मिळतो. मात्र शॉकअपच्या जागी बसवायचा तर त्याची उंची मूळ शॉकअपला जुळणारी हवी, नाही तर सायकल पुढे झुकते आणि कललेला कोन नाहक उभा होतो. मोठ्या चाकाचा दिलासा, केबलचा ब्रेक आणि गावात मिळणारा टायर हे तिन्ही लाभ या रचनेत एकत्र येतात, आणि शॉकअप नसल्यामुळे जे गमवावे लागते त्याची भरपाई नीट बांधलेला उतार करतो, हे वरील गणितात दिसलेच आहे.

खरेदीच्या वेळी नावावर विसंबू नये. भारतीय बाजारात बीएमएक्स ही अक्षरे मुलांच्या कोणत्याही वीस इंची सायकलीवर रंगवलेली आढळतात आणि पुढे शॉकअप लावलेली सव्वीस इंची सायकल सरसकट उडीची म्हणून विकली जाते. दोन्ही शाळेत जायला ठीक, पण मातीच्या उंचवट्यावरून पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोर्क वाकण्याची किंवा हँडलचा दांडा सुटण्याची शक्यता असते. सांगाडा क्रोमोली, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा असल्याचे निर्मात्याने स्पष्ट लिहिले आहे का, निदान समोरची नळी आणि फोर्क तरी त्या पोलादाचे आहेत का, पायडलचा दांडा तीन तुकड्यांचा आणि पोकळ आसाचा आहे का, मागचे चाक ज्या खाचेत बसते ती आडवी असून साखळी ताणायला जागा आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वापरलेली सायकल घेताना फोर्क जेथे समोरच्या नळीत शिरतो तेथे आणि वेल्डिंगच्या कडांशी रंगाला केसाएवढी चीर आहे का, ते भर उन्हात पाहावे. गावातल्या साध्या वेल्डिंगने क्रोमोलीचा फुटलेला सांगाडा जोडून पुन्हा उड्या मारणे धोक्याचे असते, कारण पातळ भिंतीची ती नळी जोडाशेजारी ठिसूळ होऊन पुन्हा तेथेच, आणि बहुधा टेकण्याच्या क्षणीच, तुटते.